आजीच्या जनुकाच्या मागावर

आमच्या कराडात कुणाला "परळला नेलंय" असं सांगितलं, की ऐकणारा पुढचं काही विचारत नाही. नुसती मान हलवतो आणि विषय बदलतो. मी स्वतः अशी मान अनेकदा हलवली आहे. सतरा वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. कॅन्सर म्हणजे पेशींचं बेबंद विभाजन, हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि परीक्षेला येईल म्हणून मुलांकडून अधोरेखित करून घेते. गेल्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला, माधवीला, घेऊन मला परळला जावं लागलं. अकरा दिवस आम्ही मुंबईत होतो. त्या अकरा दिवसांत जे पाहिलं, ते ज्यांच्या घरात अजून असं काही घडलेलं नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवते आहे.

माधवीला छत्तिसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता. कोल्हापुरात ऑपरेशन झालं, केमो झाली, केस पुन्हा आले, आणि दीड वर्षात आजार फुप्फुसात परत आला. पुन्हा केमो, पुन्हा केस गेले. तिथल्या डॉक्टरांनी तिचं रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं. बीआरसीए नावाच्या जनुकात बिघाड निघाला. हा बिघाड जन्मापासूनचा, म्हणजे आईकडून किंवा वडिलांकडून आलेला. आईनं तो आपल्याकडूनच आला असं धरून टाकलं, कारण तिची एक बहीण गर्भाशयाच्या दुखण्यानं गेली होती. "माझंच रक्त वाईट," म्हणून तिनं देवघरासमोर बसून जेवण टाकलं. मग तिचंही रक्त पाठवलं. तो अहवाल आम्ही निघायच्या आदल्या दिवशी आला होता, पण मेलवर आलेली ती इंग्रजी पानं मी मुद्दामच उघडली नव्हती. मला ती जाणत्या माणसासमोर वाचायची होती.

करी रोड

उतरलो ते सुजाताकडे. आमच्या कॉलेजातल्या कांबळे सरांची ही धाकटी बहीण. तिचे वडील ज्या चाळीत राहून मिलमध्ये जायचे, त्याच जागेवर आता उंच इमारत उभी आहे आणि चाळकऱ्यांना तिच्यात घरं मिळाली आहेत. सुजाता एकोणिसाव्या मजल्यावर राहते आणि विमा कंपनीत नोकरी करते. दार उघडल्याबरोबर समोर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि खाली पुस्तकांचं कपाट.

"टेन्शन नको घेऊ ताई," पहिल्याच संध्याकाळी ती माधवीला म्हणाली. "इथून परळ टॅक्सीनं दहा मिनिटं. आणि भूक लागो न लागो, माझ्या घरात दोन घास खावेच लागतील."

मला वाटत होतं, टॉवरमध्ये शेजारी शेजाऱ्याला ओळखत नसतील. पण एकोणिसाव्या मजल्यावरच्या बायका उन्हं कलली की खुर्च्या घेऊन लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत बसायच्या. लसूण सोलणं, भाजी निवडणं, सगळं तिथंच. चाळीची गॅलरी त्यांनी बरोबर वर आणली होती. माधवीच्या डोक्याला रुमाल बघून एकीनं सरळ विचारलं, "कुठला गो?" माधवी गोंधळली. ती बाई स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "माझा डावा. सहा वर्षं झाली." माधवी म्हणाली, "माझा उजवा." आणि दोघी लसूण सोलत बोलत बसल्या. कराडात दीड वर्षात तिच्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

परळ

इस्पितळातला दुसरा दिवस डॉ. शर्वरींचा. वंशपरंपरेनं येणाऱ्या कॅन्सरबद्दल कुटुंबांना समजावून सांगणं हे त्यांचं काम. चाळिशीच्या, केस आखूड, बोलणं भराभर. त्यांनी आईचा अहवाल वाचला आणि माझ्याकडे वळवला.

"तुमच्या आईत हा बिघाड नाही."

मी तो कागद तीनदा वाचला. माधवीनं तिथूनच आईला फोन लावला. आई म्हणाली, "खरंच गं?" आणि रडायला लागली.

"म्हणजे वडिलांकडून," डॉ. शर्वरी म्हणाल्या. "त्यांच्याकडची माणसं सांगा."

त्यांनी कोरा कागद घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. बाबा हृदयविकारानं गेले, कॅन्सरनं नाही. पण पुरुष स्वतःला काही न होता तो बिघाड मुलींना देऊ शकतो, हे मी वर्गात शिकवते आणि घरात मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आजी, म्हणजे बाबांची आई, बाबा शाळेत असतानाच गेली. "पोटात पाणी झालं," एवढंच घरात सांगायचे. डॉ. शर्वरींनी आजीच्या गोलात रेघा मारल्या. "अंडाशयाचा असू शकेल. बाबांना भावंडं?"

मी नाही म्हणणार होते. माधवीनं माझ्याकडे बघितलं.

"एक आत्या होती," ती म्हणाली.

शालनआत्या. आजोबा लालबागला राहून मिलमध्ये कामाला होते, तेव्हा तिनं वरळीच्या एका कोळी मुलाशी लग्न केलं. आजोबांनी तिचं नाव टाकलं आणि गावी निघून आले. आमच्या घरात तिचा फोटोसुद्धा नाही. आईही तिला कधी भेटली नाही, कारण आईचं लग्न नंतरचं.

"तिची मुलं असतील तर त्यांना कळायला हवं," डॉ. शर्वरी म्हणाल्या. "आम्ही परस्पर फोन करू शकत नाही. सांगायचं तर तुम्हालाच."

मी विचारलं, "आणि मी?"

"तुमची शक्यता निम्मी. आज रक्त द्या, तीनेक आठवड्यांत कळेल."

मी बाही वर केली. अठरा वर्षांची मुलगी आहे मला. टाळण्यासारखं काही नव्हतं.

रक्त देऊन झाल्यावर मी त्यांना सांगितलं की मी जीवशास्त्र शिकवते, आणि हे सगळं मी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्या मला शेजारच्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. खोलीत अंधार केला, मोठ्या सूक्ष्मदर्शकाचा पडदा सुरू केला.

काळ्या पार्श्वभूमीवर निळी वर्तुळं: पेशींची केंद्रकं. प्रत्येक निळ्या वर्तुळात हिरवे ठिपके, दाट, मोजता न येणारे.

"या निरोगी पेशी. यांच्यावर किरण सोडले. डीएनएचे दोन्ही धागे जिथं तुटले तिथं हिरवा ठिपका. अर्ध्या तासानंतरचं चित्र आहे हे," त्या म्हणाल्या. "तुटल्याबरोबर एक प्रथिन जागं होतं. ते शेजारच्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवतं, तीच खूण. ते पुढच्याला खूण करतं. अशी साखळी. निरोप तीन तऱ्हेचे. पहिला: थांब, आत्ता विभागू नकोस. दुसरा: दुरुस्तीला माणसं पाठवा. आणि दुरुस्ती जमलीच नाही तर तिसरा: तू मर, पण ही चूक पुढे नेऊ नकोस."

दुसरी काच लावली. त्याच जातीच्या पेशी, एक दिवसानंतरच्या. निळी वर्तुळं जवळजवळ स्वच्छ होती.

तिसरी काच. यातल्या पेशींमध्ये बीआरसीएच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. दिवस उलटूनही ठिपके तसेच.

"यांना निरोप पोचत नाही का?" मी विचारलं.

"पोचतो. थांब म्हणणारा येतो, दुरुस्ती करणारे येतात. पण बारकाईचं काम करणाराच नाही. मग तुटलेली टोकं कशीबशी जोडली जातात. त्यात चुका राहतात. एखाद्या दिवशी ती चूक नेमकी थांब म्हणणाऱ्या निरोपातच होते. मग ती पेशी कुणाचं ऐकत नाही."

म्हणजे माझ्या फळ्यावरचं ते बेबंद विभाजन गोष्टीच्या अगदी शेवटी येतं. त्याआधी किती ठिकाणी ते अडवता आलं असतं, हे मी मुलांना कधी सांगितलंच नव्हतं.

"माधवीच्या शरीरातल्या सगळ्याच पेशी अशा आहेत?"

"नाही. बाकीच्या पेशींत आईकडून आलेली चांगली प्रत आहे, ती काम निभावते. गाठीतल्या पेशींनी तीही गमावली. त्या एका दुसऱ्या, कच्च्या वाटेनं जगताहेत. आपण उद्यापासून तिला ज्या गोळ्या देणार, त्या ती वाट बंद करतात. निरोगी पेशीला पहिली वाट असते. कॅन्सरच्या पेशीला कुठलीच राहत नाही."

मी जिना उतरले तेव्हा माझं ठरलं होतं. शालनआत्याची मुलं शोधायची.

वरळी आणि दादर

आत्याच्या नवऱ्याचं नाव आईला आठवत होतं. तेवढ्या नावावर मी दुसऱ्या दिवशी वरळी कोळीवाड्यात गेले. इतक्या अरुंद गल्ल्या, की समोरून कुणी टोपली घेऊन आलं तर आपण भिंतीला चिकटायचं. दोरीवर बोंबील वाळत होते, आणि घरांच्या मागे, अगदी जवळ, समुद्रावरचा तो पांढरा पूल. जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याला नाव सांगितलं.

"तो जाऊन झाली दहा वर्सं," तो म्हणाला. "त्याची पोर हाय ना, रंजना. दुपारपर्यंत दादरच्या बाजारात बसते. सुरमईवाली रंजना म्हण, कोनी पन दाखवेल."

दादरच्या मासळी बाजारात मी पोचले तेव्हा ती बर्फावर सुरमई मांडत होती. पन्नाशीला आलेली, हिरवं लुगडं, नाकात नथनी, हातात कोयता. आणि कपाळ, भुवया, हनुवटी बाबांची. मी जे बोलायचं घोकून आले होते ते विसरून गेले.

"काय देऊ?" ती म्हणाली.

"बोंबील," मी म्हटलं. समोर दिसले म्हणून.

आमच्याकडे मटण असतं, रविवारी कोंबडी असते. मासा म्हणजे कधीतरी कृष्णेचा. तिनं बोंबील पिशवीत घालून दिले आणि मी एक शब्द न बोलता परत निघाले. पिशवीतून पाणी गळत होतं. टॅक्सीवाला मागे वळून बघत होता. करी रोडच्या लिफ्टमध्ये एक बाई नाकाला पदर लावून सातव्या मजल्यावरच उतरून गेली. सुजातानं पिशवी उघडून बघितली आणि भिंतीला टेकून हसत बसली.

"ताई, किलोभर बोंबील! तीन माणसांना! आणि साफ न करता आणलेस?" मग तिनं ते साफ केले, पाट्याखाली दाबून पाणी काढलं, रव्यात घोळवून तळले. माधवीला सकाळी पहिली गोळी घेतल्यापासून मळमळत होतं, अन्न नको म्हणायची. त्या दिवशी तिनं चार खाल्ले.

"तिला सांगितलंस?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग उद्या काय पापलेट आणणार आहेस?"

दुसऱ्या सकाळी मी पुन्हा गेले. गिऱ्हाईक जरा कमी झाल्यावर म्हटलं, "रंजनाताई, मी कराडहून आले. शालनआत्याच्या भावाची मुलगी. वैशाली."

तिचा कोयता थांबला. तिनं मला वरून खाली बघितलं, मग शांतपणे माशाचं डोकं उडवलं.

"मामा हाय?"

"गेले. चार वर्षं झाली."

"माझी आई गेली तेव्हा मी वीसची होते. ती पंचेचाळीसची. बापानं तार केली होती कराडला." तिनं मासा पलटला. "कोनी नाय आलं."

"मला ठाऊक नाही, तार पोचली होती की नाही. पोचली असेल. आणि कुणी आलं नसेल. चूकच झाली ती."

"मग आता कशाला आलीस?"

मी विचारलं, "आत्याला काय झालं होतं?"

"छातीत गाठ. शेवटपर्यंत कोनाला दाखवली नाय तिनं."

मी सांगितलं. माधवीचं, आजीचं, अहवालाचं. शेजारच्या कोळणी ऐकत होत्या. मी आवाज खाली केला नाही. रंजनाताईचं तोंड लाल होत गेलं.

"माझ्या आईला उंबरा चढू दिला नाय तुमी लोकांनी," ती म्हणाली. "आनी आज रक्ताचं नातं सांगायला आलीस? तेही असलं? जा. धंद्याची वेळ हाय."

मी डॉ. शर्वरींचं नाव लिहिलेला कागद तिच्या पाटीच्या कडेला ठेवला. "मी उद्या येते," म्हटलं.

पुढच्या दिवशी ती माझ्याशी बोललीच नाही. मी दोन तास उभी राहिले, बर्फाच्या पाण्यात माझ्या चपला भिजल्या, आणि परत आले. सुजाता म्हणाली, "रागवायचा हक्क आहे गं तिला. तू तिला पटवायला नको जाऊस. फक्त जात राहा. माझे बाबा म्हणायचे, ज्याला दाराबाहेर ठेवलं त्याला परत बोलवायचं तर एका हाकेत तो येत नसतो."

चौथ्या दिवशी रंजनाताईच्या शेजारणीनं मला बसायला उलटा क्रेट दिला. "बस गो बाय, पाय मोडतील." रंजनाताईनं तिच्याकडे डोळे वटारले, पण क्रेट काढून घेतला नाही. तासाभरानं गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली:

"काय करतात? तपासाला?"

"हातातून रक्त काढतात. तेवढंच."

"आनी निघालं तर?"

"तर अंडाशयं आणि नळ्या काढून टाकता येतात, आजार व्हायच्या आधी. छातीची दरवर्षी तपासणी. तुझ्या वयात डॉक्टर तेच सांगतील."

"माझी मयूरी चोवीसची हाय. तिला काय सांगू?"

"तुझ्यात नसेल तर तिच्यातही नाही. आधी तू."

ती बराच वेळ हातावरची खवलं खरवडत बसली. "तुझं निघालं?"

"माझं अजून यायचंय."

तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "भ्यालीस?"

"हो," मी म्हटलं.

पुन्हा परळ

शनिवारी सकाळी आम्ही डॉ. शर्वरींच्या खोलीबाहेर बसलो होतो, माधवीच्या रक्ताच्या तपासणीसाठी. दहाला लिफ्टचं दार उघडलं आणि रंजनाताई बाहेर आली. लग्नाला निघाल्यासारखी जरीची साडी, गळ्यात सोनं, केसांत अबोलीचा गजरा. मागून जीन्समधली मयूरी. इस्पितळात असं कुणी नटून येत नाही. सगळे बघत होते. ती माझ्यापाशी थांबली नाही. माधवीसमोर जाऊन उभी राहिली, तिच्या रुमालाकडे, उतरलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"आईचं तोंड पन असंच उतरलं होतं," ती म्हणाली. मग तिच्या शेजारी बसून तिनं पिशवीतून डबा काढला. "कोलंबीचा भात हाय. खाशील?"

आत तिनं हात पुढे केला आणि सुई टोचताना खिडकीबाहेर बघितलं. डॉ. शर्वरींनी कागदावर शालनआत्याचा गोल काढला, आजीसारख्याच रेघा मारल्या, आणि खाली रंजना लिहिलं. आमच्या घराण्याच्या कागदावर आत्याचं नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं.

निघायच्या दिवशी लालबागच्या मसाल्याच्या गल्लीतून आईसाठी मालवणी मसाला घेतला. मिरच्या कुटल्या जात होत्या. माधवी इतकी शिंकली की दुकानदारानं तिला पाणी आणून दिलं, आणि शिंकता शिंकता ती हसत होती.

त्यानंतर

माझा अहवाल प्रॅक्टिकल चालू असताना आला. मुलं कांद्याच्या मुळाची टोकं रंगवत होती. मी बाहेर जिन्यात जाऊन वाचला. माझ्यात बिघाड नव्हता. मी इतके दिवस असलं तर काय करायचं याची तयारी केली होती; नसलं तर काय वाटतं याची केली नव्हती. मला आनंद झाला, मुलीसाठी तर फारच झाला, आणि लगेच लाज वाटली. माधवीला कसं सांगू? तिला फोन केला तर ती ओरडलीच, "अगं वेडे, रडतेस काय? घरात एक तरी धड राहिली की!"

दोन आठवड्यांनी रंजनाताईचा फोन आला. "माझ्यात हाय," एवढंच म्हणाली. मग, "तुझं?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज खरा होता. "मी काढून टाकनार. तारीख घेतली. सीझन संपला की."

"मी येते."

"तुला काय काम हाय आता?"

"तुझ्याजवळ बसायचं."

पहिल्या तीन महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्ये माधवीच्या फुप्फुसातल्या गाठी आकसलेल्या दिसल्या. आजार गेलेला नाही. गोळ्या चालू आहेत, थकवा आहे, दर महिन्याला रक्त तपासायचं आहे. पण ती पुन्हा तिच्या शिवणाच्या क्लासला जाऊन बसते. मी यंदा वर्गात ते जुनं वाक्य अधोरेखित करायला सांगितलं नाही. फळ्यावर तुटलेले दोन धागे काढले आणि तिथून सुरुवात केली. दोन तास लागले. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, माझी मावशी आणि आजी दोघी गेल्या. मी कुणाला सांगू?" तिच्या आईला मी दुसऱ्या दिवशी भेटले.

रंजनाताईच्या ऑपरेशनला मी निघाले तेव्हा आई पिशवी भरून दारात उभी होती. अडुसष्ट वर्षांची, गुडघे दुखतात, मुंबईला कधी गेलेली नाही. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "नणंदेची पोर आहे माझी. मी येणार."

ऑपरेशन नीट पार पडलं. आठवड्यानं आलेल्या अहवालात एका नळीच्या टोकाशी काही पेशी आधीच बदललेल्या सापडल्या. अगदी सुरुवातीच्या, बाहेर न पसरलेल्या, सोनोग्राफीत न दिसणाऱ्या. "आणखी काही वर्षं थांबल्या असत्या तर," डॉ. शर्वरी म्हणाल्या आणि त्यांनी अहवाल फाइलमध्ये ठेवला. आणखी दोन ठिकाणचे नमुने तपासले, ते स्वच्छ निघाले. मयूरी आता सांगते, पंचविशी पूर्ण झाली की मीही तपासून घेणार.

पण हा अहवाल नंतरचा. ऑपरेशनच्या दिवशी आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. दुपारी रंजनाताईला खाटेवर आणलं. ती अर्धवट गुंगीत होती, ओठ कोरडे पडलेले. आई स्टूल ओढून तिच्या उशाशी बसली. दोघी एकमेकींना पहिल्यांदाच बघत होत्या. आई रंजनाताईच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिली आणि म्हणाली, "वन्संना मी कधी बघितलं नाही गं. यायला हवं होतं आम्ही."

रंजनाताईनं डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. मी मनाशी म्हटलं, आता काही बोलली तरी ऐकून घ्यायचं.

"मामी," ती म्हणाली, "पानी द्या."

नर्सनं चमच्यानं द्यायला परवानगी दिली. आईचा पहिला चमचा हनुवटीवर सांडला. दुसरा नीट गेला.